व्हेराक्रिप्ट : सात वर्षांच्या रोजच्या वापरानंतरचे परीक्षण

माझ्या कार्यालयात दरवर्षी दोनशेच्या आसपास लोकांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरली जातात. त्यासाठी लोक जे कागद निःशंकपणे माझ्या हवाली करतात त्यांवरून एकदा नजर फिरवली तरी जबाबदारीचे ओझे जाणवते : पॅन आणि आधारच्या प्रती, बँकेचे उतारे, पगारपत्रके, शेतजमिनीची खरेदीखते, आजारपणाची बिले, पोटगीचे आदेश. कित्येकदा जे सख्ख्या भावाला ठाऊक नसते ते करसल्लागाराला ठाऊक असते.

सात वर्षांपूर्वी कार्यालयातला लॅपटॉप सुरू होईनासा झाला म्हणून मी तो दुरुस्तीला दिला. दोन दिवसांनी घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या दुसऱ्याच एका संगणकाच्या पडद्यावर माझ्या एका अशिलाच्या बँक खात्याचा उतारा उघडा होता. हार्डडिस्क काढून इथे जोडली आहे आणि फाइली नीट उघडतात का ते पाहतो आहे, असे तिथल्या मुलाने सांगितले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते असे मला आजही वाटते. मात्र लॅपटॉप सुरू करताना मी रोज जो पासवर्ड घालत होते तो केवळ दाराचा होता, घराला मागची भिंतच नव्हती, हे त्या दिवशी स्वच्छ दिसले. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की त्या पासवर्डला कोणी विचारत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात मी व्हेराक्रिप्ट वापरायला सुरुवात केली आणि आजतागायत वापरते आहे.

व्हेराक्रिप्ट हे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारे, विनामूल्य आणि उघड्या सोर्स कोडचे (म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम कोणालाही वाचता येतो असे) एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कूटबद्ध करण्याचे, सॉफ्टवेअर आहे. त्याने अख्खी डिस्कही कुलूपबंद करता येते. पण मी वापरते तो प्रकार कंटेनरचा. कंटेनर म्हणजे बाहेरून दिसायला एकच मोठी फाइल, जिच्यात नुसता अर्थहीन आकड्यांचा गाळ भरलेला दिसतो. पासवर्ड दिला की तीच फाइल संगणकावर एका वेगळ्या ड्राइव्हसारखी प्रकट होते. त्या ड्राइव्हमध्ये एक्सेलचा तक्ता उघडा, पीडीएफ ठेवा, फोल्डर करा. लिहिताना प्रत्येक गोष्ट आपोआप कूटबद्ध होते आणि वाचताना उलगडते, आणि उलगडलेले रूप फक्त संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. कंटेनर पहिल्यांदा तयार करताना एक पडदा येतो, त्यावर माउस वेडावाकडा फिरवत राहायचे असते, आणि खालची पट्टी लालाची हिरवी होईपर्यंत हात थांबवायचा नसतो. किल्ली बनवण्यासाठी लागणारी यादृच्छिकता तिथून गोळा होते. माझ्या मदतनीस मुलीला हा भाग मी मुद्दाम स्वतःच्या हाताने करायला लावला, कारण किल्ली कशातून तयार होते हे हाताला एकदा कळले की पुढे ती जपण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

रोज सकाळी कार्यालय उघडल्यावर मी चालू आर्थिक वर्षाचा कंटेनर उघडते. पासवर्ड घातल्यावर तीन-चार सेकंद थांबावे लागते आणि नवख्या माणसाला वाटते की संगणक अडकला. ही थांबणूक हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. पासवर्डपासून किल्ली काढताना व्हेराक्रिप्ट तीच गणिती क्रिया सर्वसाधारणपणे पाच लाख वेळा करते. ज्या जुन्या सॉफ्टवेअरपासून ते निघाले त्यात ही आवर्तने एक-दोन हजारच होती. आपल्याला दिवसातून एकदा चार सेकंद मोजावे लागतात. पासवर्डचे अंदाज बांधत बसणाऱ्याला मात्र प्रत्येक अंदाजामागे ती किंमत मोजावी लागते. थांबणे फारच जाणवत असेल तर उघडताना हॅशचा, म्हणजे किल्ली काढणाऱ्या त्या गणिती क्रियेचा, प्रकार आपण स्वतः निवडून द्यावा, म्हणजे सॉफ्टवेअर सगळे प्रकार एकेक करून तपासत बसत नाही.

आता विश्वासाचा प्रश्न. विनामूल्य मिळणाऱ्या आणि कुठल्याही मोठ्या कंपनीचे नाव नसलेल्या वस्तूवर अशिलांची आयुष्ये का सोपवावीत, असे मला माझ्याच व्यवसायातल्या अनेकांनी विचारले आहे, आणि त्याचे उत्तर व्हेराक्रिप्टच्या जन्मकथेत आहे. त्याचे पूर्वज म्हणजे ट्रूक्रिप्ट. ते २००४ मध्ये आले, जगभर पसरले, आणि ते कोण बनवते हे अखेरपर्यंत उघड झाले नाही. २८ मे २०१४ रोजी त्याच्या संकेतस्थळावर अचानक सूचना झळकली की हे सॉफ्टवेअर वापरणे सुरक्षित नाही, त्यात न सुधारलेल्या त्रुटी असू शकतात, आणि वापरकर्त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरकडे वळावे. कारण कोणालाही नीट कळले नाही. बंद कोडचे उत्पादन असते तर तिथेच सगळे संपले असते. इथे मात्र सोर्स कोड लोकांच्या हाती होता. मुनीर इद्रासी यांनी आदल्या वर्षीच, २०१३ मध्ये, त्या कोडवरून व्हेराक्रिप्ट सुरू केलेले होते, आणि ट्रूक्रिप्टचे निर्माते दार लावून निघून गेले तेव्हा वापरकर्त्यांना जायला जागा होती. पुढे कित्येक वर्षे व्हेराक्रिप्ट ट्रूक्रिप्टचे जुने कंटेनरही उघडून देत असे. ती सोय १.२६ या मालिकेत काढून टाकली गेली, पण तोवर आपला माल हलवायला लोकांना भरपूर अवधी मिळाला होता. मला दहा वर्षांपूर्वीचे कागद काढून दाखवावे लागतात, त्यामुळे बनवणारा गेला तरी कुलूप उघडत राहील की नाही हा प्रश्न माझ्यासाठी गणिती बळकटीइतकाच मोलाचा आहे.

कोड उघडा असणे म्हणजे तो तपासला गेला असे मात्र नव्हे, आणि हा फरक मला ठासून सांगायचा आहे, कारण ओपन सोर्सचे समर्थक तो अनेकदा गाळतात. ट्रूक्रिप्टची तपासणी मॅथ्यू ग्रीन आणि केनेथ व्हाइट यांच्या पुढाकाराने लोकवर्गणीतून दोन टप्प्यांत झाली, दुसऱ्या टप्प्याचा अहवाल २०१५ च्या एप्रिलमध्ये आला, आणि मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा त्यात सापडला नाही. तरीही त्याच वर्षी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या पथकातील जेम्स फोरशॉ यांनी विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये दोन गंभीर दोष दाखवले, जे दोन्ही टप्प्यांच्या नजरेतून निसटले होते. व्हेराक्रिप्टने ते दुरुस्त केले. २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच संस्थेने खुद्द व्हेराक्रिप्टची छाननी केली तेव्हा ८ गंभीर, ३ मध्यम आणि १५ किरकोळ दोष निघाले, आणि त्यांतले बरेचसे १.१९ या आवृत्तीत दूर झाले. गोस्ट नावाच्या जुन्या रशियन पद्धतीने नवे कंटेनर बनवण्याची सोयही त्याच वेळी बंद झाली. हे आकडे वाचून माझे एक स्नेही दचकले होते. मला मात्र त्यातून धीर आला, कारण दोष कोणते, किती आणि कुठल्या आवृत्तीत गेले हे मला घरबसल्या वाचता येते. ज्या उत्पादनाच्या दोषांची यादीच कधी प्रसिद्ध होत नाही त्याबद्दल मी अशिलांना काय सांगणार?

परवान्याबाबत एक गोष्ट नोंदवली पाहिजे. व्हेराक्रिप्टचा नवा भाग अपाची परवान्याखाली असला तरी ट्रूक्रिप्टकडून आलेला भाग त्याच्या जुन्या परवान्याखालीच आहे, आणि तो परवाना ओपन सोर्सच्या काटेकोर व्याख्येत बसत नाही. म्हणूनच डेबियन ही लिनक्स प्रणाली आपल्या मुख्य भांडारात व्हेराक्रिप्ट ठेवत नाही. माझ्या रोजच्या वापरात त्याने फरक पडत नाही, पण परीक्षणात ते न सांगणे बरे दिसले नसते.

पासवर्डविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मराठी माणसाची इथे एक वेगळीच अडचण आहे आणि तिच्याबद्दल लिहिलेले मला कुठे आढळले नाही. मला सुरुवातीला मोह झाला तो देवनागरी पासवर्डचा. व्हेराक्रिप्ट कंटेनरसाठी देवनागरी अक्षरे स्वीकारते, आणि परक्या माणसाला ती सुचणार नाहीत असे वाटून मन सुखावते. परंतु ‘दऱ्या’ हा साधा शब्द घ्या. त्यातला तो खास मराठी ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : एक तर खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालायचे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे पासवर्ड आहेत. कुठली रीत उमटेल हे आपल्या इच्छेवर नसून कीबोर्डवर अवलंबून असते. कार्यालयात इन्स्क्रिप्टने पासवर्ड ठरवला आणि घरी उच्चारानुसारी कीबोर्डने तोच शब्द टाइप केला, तर कंटेनर उघडेलच याची खात्री देता येत नाही; आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्यामुळे चूक कुठे आहे हेही कळत नाही. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करून संगणक सुरू होतानाच पासवर्ड विचारायची व्यवस्था केली असेल तर प्रश्नच मिटतो, कारण तिथे अमेरिकी इंग्रजी कीबोर्डच चालतो.

म्हणून माझी पद्धत अशी : मराठी शब्द, पण रोमन लिपीत. फासे टाकून शब्द निवडण्याची डाइसवेअर नावाची जुनी रीत आहे, तिच्यात पाच फाशांच्या दानाने ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द ठरतो. मी त्याच धर्तीवर घरातल्या शब्दकोशातून फाशांनी पाने आणि ओळी ठरवून सात शब्द काढले, ज्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. शब्द आपल्या मनाने निवडू नयेत, कारण मन नेहमी ओळखीच्या वाटेने जाते. आणि सगळ्यांना पाठ असलेली अभंगाची किंवा श्लोकाची ओळ तर मुळीच घेऊ नये, कारण पासवर्ड फोडणारी मंडळी अशाच ओळींच्या याद्या आधी चालवतात. रोमन लिपीतही एक काळजी घ्यावी लागते. ‘वहिनी’तला व आपण व्हीने लिहितो की डब्ल्यूने, ‘फणस’ पीएचने की एफने, हे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर उतरवले पाहिजे. माझ्या मदतनीस मुलीचा आणि माझा एक आख्खा दिवस एका ‘व’ने खाल्ला होता.

आता व्हेराक्रिप्टच्या कडा. आतला गाभा बळकट आहे याबद्दल मला शंका नाही, पण माझ्या अनुभवात माहिती निसटते ती नेहमी कडांवरून. पहिली कड अशी की कंटेनर करून त्यात फाइली हलवल्या म्हणजे मूळच्या जागेवरून त्या नाहीशा झाल्या असे होत नाही. आजकालच्या लॅपटॉपमधल्या एसएसडी डिस्क झीज सारखी वाटली जावी म्हणून नवी माहिती सतत वेगवेगळ्या जागी लिहितात, त्यामुळे पुसलेल्या फाइलीचे अवशेष डिस्कच्या कुठल्या कोपऱ्यात राहिले हे आपल्याला सांगता येत नाही. व्हेराक्रिप्टच्या दस्तऐवजातही याचा इशारा दिलेला आहे. नवा लॅपटॉप घेतला की अशिलांची एकही फाइल त्यावर ठेवण्यापूर्वी कंटेनर तयार करावा, हाच त्यावरचा उपाय. जुन्याच लॅपटॉपवर सुरुवात करायची असेल तर अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणे श्रेयस्कर, कारण वर्डच्या तात्पुरत्या प्रती आणि ब्राउझरने उतरवून ठेवलेली पीडीएफ कंटेनरच्या बाहेरच साठत असतात.

दुसरी कड माझ्या दुर्लक्षामुळे मला कळली. कंटेनरची एक प्रत आपोआप मेघसाठ्यात (क्लाउडवर) जावी अशी व्यवस्था मी केली होती आणि तीन आठवडे ती जाते आहे असे धरून चालले होते. प्रत्यक्षात तिकडे पहिल्या दिवसाचीच प्रत होती. व्हेराक्रिप्ट मुळात कंटेनरच्या फाइलीवरची बदलाची तारीख आणि वेळ बदलू देत नाही, म्हणजे कोणी कंटेनर केव्हा वापरला हे बाहेरून समजू नये. पण तारीख बदलली नाही की प्रत घेणाऱ्या सॉफ्टवेअरला फाइल बदलली हेच कळत नाही. प्राधान्यांच्या पानावर ही तारीख जपण्याचा एक चौकोन असतो, त्यातली खूण काढली की काम होते. ते दस्तऐवजात लिहिलेले होते आणि मी वाचले नव्हते. शिवाय मोठ्या कंटेनरमध्ये एक ओळ बदलली तरी काही सेवा अख्खी फाइल पुन्हा पाठवत बसतात, त्यामुळे ज्यांचे मुख्य काम मेघसाठ्यातच चालते त्यांनी क्रिप्टोमेटर पाहावे. तेही ओपन सोर्स आहे आणि ते प्रत्येक फाइल वेगळी कूटबद्ध करते.

तिसरी कड पेनड्राइव्हची. अख्खा पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट केला की विंडोजला त्यावर ओळखीचे काहीच सापडत नाही आणि तो लावताक्षणी फॉरमॅट करायचा का असे ते विचारते. घरातल्या कोणीही सहज ‘हो’ म्हटले की संपले. म्हणून पेनड्राइव्हवरही कंटेनरच ठेवावा, आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही हे ध्यानात असू द्यावे. दुसऱ्याच्या संगणकावर कंटेनर उघडायचा तर तिथे प्रशासकाचे अधिकार लागतात, त्यामुळे एखाद्या सरकारी कार्यालयात जाऊन फाइल दाखवू अशी आशा धरू नये. मोबाइलसाठी अधिकृत ॲप नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. मॅकवर मॅकफ्यूजसारखे जोडसॉफ्टवेअर आधी घालावे लागते, ते मात्र एकदाचेच काम.

कंटेनरच्या अग्रभागाची, म्हणजे हेडरची, प्रत घेऊन ठेवणे अत्यावश्यक आहे. खरी किल्ली त्या हेडरमध्येच असते आणि आपला पासवर्ड फक्त हेडरला कुलूप घालतो. हेडर खराब झाले तर अचूक पासवर्डही निरुपयोगी ठरतो. व्हेराक्रिप्ट त्याची एक प्रत कंटेनरच्या शेवटी स्वतःहून ठेवते, पण ती त्याच डिस्कवर असते. याच रचनेची दुसरी बाजू फार थोडे लोक लक्षात घेतात : पासवर्ड बदलला तरी आतली किल्ली तीच राहते, म्हणून जुन्या हेडरची प्रत आणि जुना पासवर्ड ज्याच्याकडे असेल त्याला कंटेनर आजही उघडता येतो. काम सोडून गेलेल्या माणसाला पासवर्ड माहीत होता अशी स्थिती असेल तर पासवर्ड बदलण्यावर न थांबता नवा कंटेनर करून माल त्यात हलवावा.

कंटेनरच्या पोटात दुसरा गुप्त कंटेनर ठेवण्याची सोय व्हेराक्रिप्टमध्ये आहे. दबावाखाली बाहेरचा पासवर्ड दिला तरी आतल्याचे अस्तित्व सिद्ध होत नाही. जगात काही ठिकाणी पत्रकारांना तिचा उपयोग होत असेल, त्याबद्दल मला आदर आहे. भारतातल्या कार्यालयाने तिच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अन्वये सरकार माहिती उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते, आणि साहाय्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. माझे काम अशिलांची माहिती चोरापासून, दुरुस्तीवाल्यापासून आणि माझ्याच निष्काळजीपणापासून राखण्याचे आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वाजवी सुरक्षा ठेवण्याची जी अपेक्षा केली आहे ती त्या दिशेचीच आहे.

कागद साठवून ठेवण्याइतकाच ते पाठवण्याचा प्रश्न असतो, आणि तिथे व्हेराक्रिप्ट फारसे कामी येत नाही. मी दोन वर्षे थंडरबर्ड या ईमेल सॉफ्टवेअरमधल्या ओपनपीजीपीचा, म्हणजे ईमेल कूटबद्ध करण्याच्या पद्धतीचा, आग्रह धरून पाहिला. ती पद्धत भक्कम आहे, १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी प्रसिद्ध केल्यापासून तिची परंपरा चालत आली आहे, आणि थंडरबर्डमध्ये ७८ व्या आवृत्तीपासून ती वेगळे काही न जोडता वापरता येते. पण दोनशे अशिलांपैकी चारच जणांनी स्वतःची किल्ली बनवली, आणि त्यांतल्या एकाने लॅपटॉप बदलताना ती हरवली. आज मी कागद सिग्नल या संदेशांच्या ॲपवर मागवते. तेही ओपन सोर्स आहे, आणि व्हॉट्सॲपच्या संदेशांना संरक्षण देणारी पद्धत मूळची सिग्नलचीच; फरक असा की कोण कोणाशी बोलते याची नोंद सिग्नल जवळजवळ ठेवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाच्या समन्सला उत्तर देताना त्यांच्याकडे द्यायला खाते उघडल्याची वेळ आणि शेवटच्या जोडणीची वेळ एवढेच होते. नवा अशील समोर बसलेला असतानाच आम्ही दोघांचे साठ अंकी सुरक्षा क्रमांक ताडून पाहतो. वयस्कर मंडळींना हे साठ अंक वाचण्यात एक गांभीर्य वाटते, आणि बँकेत सही जुळवावी तशा निगुतीने ती वाचतात.

कोणी घ्यावे? वकील, डॉक्टर, करसल्लागार, सोसायटीचे सचिव, पतसंस्थेचे हिशेबनीस, म्हणजे ज्यांच्याकडे दुसऱ्यांचे कागद आहेत आणि जे एक दुपार बसून दस्तऐवज वाचायला तयार आहेत, त्यांनी निश्चिंतपणे घ्यावे. ज्यांना पासवर्ड विसरल्यावर कोणाला तरी फोन करून तो परत मिळावा अशी अपेक्षा आहे त्यांनी घेऊ नये. असा फोन घेणारे इथे कोणी नाही आणि गणिताने ती वाट बंद केलेली आहे. उतरवून घेताना अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि सोबतची स्वाक्षरी पडताळावी.

दर वर्षी १ एप्रिलला मी नव्या आर्थिक वर्षाचा कंटेनर तयार करते आणि सरलेल्या वर्षाचा बंद करून दोन डिस्कवर ठेवते, एक कार्यालयात आणि एक घरी. सात शब्द, त्यांची रोमन वर्णरचना आणि हेडरची प्रत असलेला छोटा पेनड्राइव्ह हे सगळे एका लाखबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आहे. लॉकरवर माझ्या बहिणीचेही नाव आहे. कंटेनर कसा उघडायचा ते मी तिला दोनदा तिच्या हाताने करून घेतले आहे आणि तिसऱ्यांदा तिने माझ्या मदतीशिवाय केले.